"वकील ना तू? मग कोर्ट कुठलं तुझं?" – ई-डिस्कव्हरीतली नोकरी

पागोळी

नमस्कार मंडळी,

बाहेर फूटभर बर्फ पडलाय, ट्रेन बंद, घरूनच काम चाललंय, तर म्हटलं कधीपासून डोक्यात असलेला हा धागा आज काढूनच टाकावा. निमित्त म्हणजे परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "वकील ना तू? मग कोर्ट कुठलं तुझं?" मी खरं ते सांगितलं, की काकू न्यूयॉर्कची सनद मिळून मला बारा वर्षं होतील आणि एवढ्या वर्षांत मी कोर्टात दोनदा गेलेय, त्यातलं एकदा शपथ घ्यायला. काकू काही बोलल्या नाहीत पण वाण देताना हात जरा आखडलाच त्यांचा :)

तर मी एका मोठ्या कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये ई-डिस्कव्हरी बघते. अमेरिकेत दिवाणी दावा लागला की ट्रायलच्या खूप आधी दोन्ही बाजूंना एकमेकांकडचे संबंधित कागद मागता येतात, त्याला डिस्कव्हरी म्हणतात. आपल्याकडेही सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर ११ मध्ये हे आहे म्हणा, पण इथलं प्रकरण फारच पसरट. जे कागद तुम्हालाच गोत्यात आणणार आहेत ते तुम्ही स्वतःच्या हाताने शोधून समोरच्या वकिलाला द्यायचे, आणि नाही दिलेत तर जज सोडत नाही. पूर्वी ही कागदांची खोकी असायची, आता ईमेल, चॅट, एक्सेल, फोनमधले मेसेज, शेअर्ड ड्राइव्हवर कोणीतरी 'फायनल_फायनल_२' नावाने ठेवलेल्या फायली, आणि मोठ्या कंपनीच्या एका दाव्यात हे लाखांनी निघतं. ते कोणी पुसू नये म्हणून आधी थांबवायचं, मग कोणाकोणाकडे आहे ते शोधायचं, गोळा करायचं, गाळायचं, वकिलांकडून वाचून घ्यायचं, वकील-अशील यांच्यातलं गोपनीय बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पानापानावर नंबर मारून समोरच्याला द्यायचं. हे सगळं निस्तरणारी बाई म्हणजे मी.

इथवर आले कशी, तर पुण्यातून एलएलबी केलं २००७ साली, शिवाजीनगर कोर्टात एका सीनियरकडे वर्षभर तारखा घेतल्या, महिना तीन हजार मिळायचे तेही आठवण केल्यावर. मग मुंबईत एक एलपीओ, म्हणजे अमेरिकन वकिलांचं काम भारतात बसून करणारी कंपनी, तिथे लागले. पूर्णवेळ पगारी नोकरी म्हणजे बार काउन्सिलच्या नियमाने सनद सस्पेंड करावी लागते, त्या फॉर्मवर सही करताना बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. रात्रपाळी, डावीकडे डॉक्युमेंट आणि उजवीकडे बटणं: संबंधित, असंबंधित, प्रिव्हिलेज्ड (म्हणजे वकील-अशिलातलं गोपनीय). तासाला पन्नास-साठ डॉक्युमेंटं व्हायलाच हवीत. पहिल्या आठवड्यात मी ओहायोतल्या कुठल्यातरी अकाउंट्स मॅनेजरचे तीन वर्षांचे ईमेल वाचले, बिलं, मीटिंगा, मुलीच्या शाळेची बस, मग बायकोशी बिनसलेलं, मग वेगळ्या घराचा पत्ता, मग परत बिलं. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही, पण त्याच्या कुत्र्याचं नाव मला अजून आठवतं. या कामात एक वेगळंच अवघडलेपण असतं ते तेव्हा पहिल्यांदा कळलं, पगार मात्र एक तारखेला व्हायचा.

पुढे इथे येऊन एलएलएम, न्यूयॉर्कची बार परीक्षा, वर्षभर काँट्रॅक्टवर परत तेच रिव्ह्यूचं, म्हणजे डॉक्युमेंटं वाचायचं काम, मग एका व्हेंडरकडे, म्हणजे हे काम कंत्राटावर करून देणाऱ्या कंपनीकडे, प्रोजेक्ट मॅनेजर, आणि २०१९ पासून इन-हाउस. विचारा काय विचारायचं ते, कंपनीचं आणि दाव्यांचं नाव सोडून सगळं सांगेन.

बदलापूर_लोकल

मस्त धागा. पण एक कळलं नाही, ईमेल शोधायला वकील कशाला लागतो? आमच्याकडे आयटीला एक तिकीट टाकलं की एक्स्चेंज ॲडमिन अर्ध्या तासात मेलबॉक्स काढून देतो. (हलके घ्या)

पागोळी

हलकंच घेतलं :) मेलबॉक्स काढून तो देईलच हो. पण कोणाचा काढायचा? कुठल्या तारखेपासून? त्या माणसाच्या सेक्रेटरीचाही घ्यायचा का? आणि समोरचा वकील उद्या म्हणाला की हे एवढंच कशावरून, तर उत्तर कोणी द्यायचं?

या लाइनमधली सगळ्यात गाजलेली केस सांगते. लॉरा झुबुलेक नावाची इक्विटी ट्रेडर, यूबीएस वॉरबर्गवर तिने स्त्री म्हणून भेदभाव झाल्याचा दावा लावला, न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात. डिस्कव्हरीत बँकेने ईमेल दिले साधारण १०० पानं. आणि बाईंनी स्वतःकडचे म्हणून दिले ते साधारण ४५० पानं! मग बाकीचे गेले कुठे? तर बॅकअप टेपांवर, ९४ टेपा. बँक म्हणते त्या वाचायला प्रचंड खर्च आहे. जज शीरा शाइंडलिन यांनी सांगितलं, आधी पाच टेपा काढा, बाईंनी निवडलेल्या, काय निघतं बघू मग खर्चाचं ठरवू. शितावरून भाताची परीक्षा. शितं बोलली. पुढे असंही निघालं की वकिलांनी पुसू नका सांगितलेलं असूनही काही ईमेल पुसले गेले होते आणि काही टेपा गायब होत्या. २००४ च्या निकालात जजबाईंनी वकिलांनाही धरलं, म्हणाल्या नुसतं 'जपून ठेवा' असं पत्र धाडून तुमचं काम संपत नाही, ते पाळलं जातंय का ते तुम्ही बघायचं. आणि ज्यूरीला सांगितलं गेलं की जे पुसलं ते बँकेच्या विरुद्धच होतं असं तुम्ही धरू शकता. एप्रिल २००५ मध्ये ज्यूरीने २ कोटी ९३ लाख डॉलर दिले.

माझी नोकरी त्या निकालातून जन्माला आली म्हणा ना. २००६ च्या डिसेंबरपासून फेडरल नियमांमध्येच इलेक्ट्रॉनिक माहिती असा वेगळा शब्द आला आणि कंपन्या घाबरून आमच्यासारख्यांना शोधायला लागल्या. आयटीवाला मेलबॉक्स देतो. कागद दिले की वकील नियम २६(जी) खाली सही करतो, की वाजवी चौकशी करून मी हे देतोय. ती सही आयटीवाल्याची चालत नाही.

रानमेवा

झुबुलेकबाई जिंदाबाद. पण पागोळीताई, कोर्टात दोनदा गेलात म्हणालात, एकदा शपथेला. दुसऱ्यांदा कशाला?

अर्धा_कप

हेच विचारायला आलो होतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पागोळी

तुम्ही लोक बरोबर तिथेच बोट ठेवता. सांगते, नावगाव फळफूल सोडून.

दावा लागला की पहिलं काम लीगल होल्ड. ज्यांच्याकडे माहिती असेल अशा लोकांना, त्यांना आम्ही कस्टोडियन म्हणतो, पत्र जातं की यातलं काही पुसायचं नाही, फोन बदलायचा नाही, आणि सिस्टीममध्ये त्यांच्या मेलबॉक्सला कुलूप. एका दाव्यात अशी चाळीसेक माणसं होती, त्यात सेल्समधली एक बाई. होल्ड लागला तेव्हा तिचं आडनाव एक. सहा महिन्यांनी तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, एचआरच्या सिस्टीममध्ये नवीन लागलं, माझ्या होल्डच्या यादीत जुनंच. वर्षभराने तिने नोकरी सोडली. सोडणाऱ्यांची यादी दर शुक्रवारी आमच्या यादीशी ताडून बघतात, पण ती ताडणी चालायची नावावर, एम्प्लॉयी नंबरवर नाही. झालं. आयटीने पॉलिसीप्रमाणे तीस दिवसांनी लॅपटॉप पुसून दुसऱ्या पोराला दिला. आयटीची काही चूक नाही, त्यांनी काम चोख केलं, नको इतकं चोख.

मला कळलं एका गुरुवारी दुपारी चार वाजता, तिचा लॅपटॉप गोळा करायची वेळ आली तेव्हा. पोटात खड्डा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. एक वरिष्ठ म्हणाले सोमवारपर्यंत थांबू, तोवर काय मिळतं ते बघू. मी त्याच संध्याकाळी बाहेरच्या लॉ फर्मला लिहून टाकलं. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, भीतीच होती, कारण अशा वेळी सगळ्यात पहिला प्रश्न 'तुम्हाला कधी कळलं' हाच येतो आणि त्याचं उत्तर 'गुरुवारी, पण सांगितलं सोमवारी' असं मला द्यायचं नव्हतं.

मग पंधरा दिवस आम्ही उलट्या दिशेने शोधत होतो. ईमेल सर्व्हरवर होते, ते वाचले. लॅपटॉपवरच्या एक्सेल गेल्या. पण तिने त्या कोणाकोणाला पाठवल्या होत्या? त्यांच्या मेलबॉक्समधून अटॅचमेंट काढल्या, बऱ्याचशा मिळाल्या, काही नाहीच मिळाल्या. २०१५ पासून नियम ३७(ई) असा आहे की हरवलेलं दुसरीकडून भरून काढता येतं का ते आधी बघा, आणि ज्यूरीला 'ते विरुद्धच होतं असं धरा' सांगण्याइतकी कडक शिक्षा फक्त मुद्दाम केलं असेल तरच. मॅजिस्ट्रेट जजसमोर मला वीस मिनिटं उभं केलं. यादी कोण ताडतं, कशावर ताडतं, शुक्रवारी नेमकं काय होतं, तुम्हाला कधी कळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत. कायद्याचा एक प्रश्न नाही! सगळे शुक्रवारच्या एक्सेलचे. शेवटी मुद्दाम नाही असं ठरलं, समोरच्यांचा त्या भानगडीचा खर्च कंपनीने द्यावा म्हणाले, आणि सुटलो. आता ताडणी एम्प्लॉयी नंबरवर होते हे वेगळं सांगायला नको.

रानमेवा

बापरे. लग्नानंतर आडनाव बदलायचं नाही याला अजून एक कारण मिळालं, सासूबाईंना दाखवते हा प्रतिसाद.

तुकतुकी

मी मुंबईत वीस वर्षं लिटिगेशन करतो, स्पष्ट बोलतो राग मानू नका. हे सगळं वाचून मला हे कारकुनी कामच वाटतं. चांगली पोरंपोरी एलएलबी करून रात्रभर परक्या लोकांचे ईमेल वाचत बसतात, दोन-तीन वर्षांनी ना ड्राफ्टिंग येत, ना उलटतपासणी. माझ्याकडे असे चारजण परत आलेत, वकालतनाम्यापासून शिकवावं लागलं. तुमचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असं चित्र उभं करू नका.

पागोळी

तुकतुकीसाहेब, राग नाही, निम्मं पटतंच. रिव्ह्यूच्या खुर्चीत तीन वर्षांच्या वर बसू नये हे मी स्वतः सगळ्यांना सांगते. आणि तुम्ही म्हणताय तेच अमेरिकन कोर्टानेही जवळपास म्हटलंय. लोला विरुद्ध स्कॅडन (ही एक बडी लॉ फर्म) अशी केस आहे, नॉर्थ कॅरोलायनात ताशी २५ डॉलरवर रिव्ह्यू करणाऱ्या काँट्रॅक्ट वकिलाने ओव्हरटाइम मागितला. वकिलाला ओव्हरटाइम नसतो. तर तो म्हणाला मी वकिली करतच नव्हतो मुळी, ठरलेले शब्द शोधायचे, ठरलेल्या खणात टाकायचं, ठरलेल्या जागी मजकूर झाकायला काळे चौकोन काढायचे, यात माझी अक्कल कुठे लागली? आणि २०१५ साली सेकंड सर्किटने, म्हणजे फेडरल अपील कोर्टाने, सांगितलं की याचं म्हणणं खरं असेल तर ही वकिली नव्हे, यंत्र करू शकेल असं काम आहे, दावा चालू द्या. पुढे तडजोड झाली. आमच्या रिव्ह्यू रूममध्ये त्या दिवशी हसावं की रडावं कळेना, आपण वकील नाही असं सिद्ध झालं तर आपला फायदा!

पण त्याच खुर्चीत अक्कल लागते अशाही जागा असतात. एक सांगते. परदेशात लाच देण्याविरुद्ध अमेरिकेचा १९७७ चा कायदा आहे, एफसीपीए. एका चौकशीत भारतातल्या ऑफिसचा डेटा आला. अमेरिकन फर्मने शोधायच्या शब्दांची यादी केलेली: लाच, रोख, कमिशन, गिफ्ट. मी म्हटलं अहो आमच्याकडे लाचेला लाच कोण म्हणतं? चहापाणी म्हणतात, पाकीट, सेटिंग, वजन ठेवणं, पेटी, खोका. 'मिठाई' पण घातला, आणि तिथे मी आपटले, कारण दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला हजारो हिट्स, सगळी दिवाळीची खरीखुरी सोनपापडी. वर या चॅट रोमन लिपीत मराठी-हिंदी, टूल त्यातल्या निम्म्यांना इंडोनेशियन समजत होतं.

आणि त्यात एक मेसेज होता, "साहेब आलेत, तेवढं बघून घ्या." मशीनने त्याचं इंग्रजी केलं ते 'साहेब आले आहेत, तितके पाहा आणि उचला' अशा अर्थाचं. रिव्ह्यूअरने असंबंधित म्हणून बाजूला टाकलं. आता 'बघून घ्या' म्हणजे चेक करा, की सांभाळून घ्या, की त्यांचं काय ते द्या? आणि हेच 'बघून घेतो' झालं असतं तर धमकी! मी त्याच्या मागचे-पुढचे दोन दिवसांचे मेसेज काढले, दुपारी कॅशिअरला फोन केलेला दिसला, संध्याकाळी 'झालं' एवढाच मेसेज. तो पुढे चौकशीतल्या मुख्य कागदांत गेला. अमेरिकन पार्टनरने मला विचारलं, तुमच्या भाषेत या क्रियापदाचे अर्थ किती? मी म्हटलं, बघून सांगते.

तुकतुकी

हा हा, हे मात्र मान्य. 'बघून सांगते' जबरी. बाकी मताशी ठाम.

वेळणेश्वर_फाटा

पागोळी, तुमच्या फील्डमध्ये एन्रॉनचे ईमेल वापरतात असं कुठेतरी वाचलं होतं. खरंय का? आम्ही गुहागरचे, एन्रॉनचा वीजप्रकल्प आमच्याकडेच होता, त्यामुळे कुतूहल.

पागोळी

खरंय, आणि मला वाटलंच होतं कोणीतरी कोकणातलं हे विचारेल. एन्रॉन २००१ च्या डिसेंबरमध्ये बुडाली, सरकारी चौकशीत ऊर्जा नियामक आयोगाने तिथल्या साधारण दीडशे लोकांचे ईमेल २००३ साली चक्क सार्वजनिक केले. आज जो संच सगळे वापरतात त्यात सुमारे ५ लाख ईमेल आहेत. खऱ्या कंपनीचे खरे ईमेल दुसरीकडे कुठे फुकट मिळणार? म्हणून बरीच वर्षं कुठल्याही व्हेंडरचा डेमो बघा, कुठलंही ट्रेनिंग घ्या, डेटा एन्रॉनचाच. माझ्या पहिल्या ट्रेनिंगमध्ये शिकवणारा म्हणाला काहीही शोधून बघा. बाकीचे फ्रॉड, श्रेडर वगैरे टाइप करत होते, मी 'दाभोळ' टाकलं. धडाधड हिट्स. शेजारचा अमेरिकन विचारतो ही कोण व्यक्ती. मी म्हटलं व्यक्ती नाही रे, आमच्याकडची खाडी आहे.

वेळणेश्वर_फाटा

अंगावर काटा आला. अंजनवेलला प्रकल्प बंद पडला तेव्हा माझे मामा तिथे काँट्रॅक्टरकडे होते, शेवटचे पैसे अजून यायचेत. त्या ईमेलमध्ये मामांचं बिल सापडलं तर कळवा :)

अर्धा_कप

मी डेटा सायन्समध्ये आहे त्यामुळे विचारतो, एआय आल्यावर हे सगळं किती दिवस? चॅटबॉटला लाख डॉक्युमेंटं दिली तर रात्रीत वाचून देईल.

पागोळी

देतंच आहे की. आणि हे आमच्याकडे तुमच्या चॅटबॉटच्या खूप आधी आलं. २०१२ साली न्यूयॉर्कच्याच मॅजिस्ट्रेट जज अँड्र्यू पेक यांनी डा सिल्वा मूर केसमध्ये संगणकाकडून डॉक्युमेंटं निवडून घ्यायला पहिल्यांदा लेखी मान्यता दिली. त्यामागे पैशाचंच कारण, रँड या संशोधन संस्थेच्या त्याच वर्षीच्या अभ्यासात डिस्कव्हरीतल्या दर डॉलरमागे ७३ सेंट नुसते वाचण्यावर जातात असं निघालं होतं. तेव्हापासून दरवर्षी कोणीतरी आमच्या नावाने तेरावं घालतंय.

ते चालतं कसं सांगते. अनुभवी वकील काही हजार डॉक्युमेंटं वाचून हो-नाही करतो, त्यावरून यंत्र बाकीची क्रमाने लावतं. एका रेषेखालची आपण वाचतच नाही, टाकून देतो. आता माझं आवडतं काम इथे सुरू होतं, टाकलेल्या ढिगातून डोळे मिटून दोनेक हजार उचलायची आणि माणसाने वाचायची. निवडून झालेले तांदूळ परत सुपात घेऊन खडा राहिलाय का बघतात ना, अगदी तसं. त्यात काय निघालं ते लिहून ठेवायचं, कारण समोरचा वकील विचारणार, जज विचारणार. वाचायला माणसं कमी लागतील, लागतायतच. रिव्ह्यूचं काम कमी होणार यात शंका नाही आणि त्याच एका भरवशावर कोणी या लाइनमध्ये येऊ नये. पण यंत्राला 'तू काय वाचलं नाहीस आणि का' असं कोर्टात विचारता येत नाही, ते मलाच विचारतात.

अर्धा_कप

तांदळाचं उदाहरण उद्या टीम मीटिंगमध्ये वापरतो. आम्ही याला इल्यूजन टेस्ट म्हणतो बहुतेक.

पागोळी

इल्यूजन नाही, इल्यूजन म्हणजे भास. ई-ने सुरू होणारं, निसटणं या अर्थाचं, 'एल्यूजन'. पण आमच्या कॉलवरही निम्मे लोक भासच म्हणतात आणि कधी कधी तेच बरोबर वाटतं.

मु_पो_इलिनॉय

उशिरा बघतोय धागा. मीही याच धंद्यात, व्हेंडरच्या बाजूला, शिकागोजवळ. पागोळीताई, शुक्रवारची संध्याकाळ सांगितली नाहीत! क्लायंट आठवडाभर झोपतो आणि शुक्रवारी पाचला फोन, रात्री बाराच्या आत प्रॉडक्शन, म्हणजे समोरच्याला द्यायचा कागदांचा संच, गेलंच पाहिजे. माझ्या मुलाच्या मुंजीत मी सोवळं नेसून लॅपटॉपवर लोड फाइल तपासत होतो, फोटो आहे.

आणि नवीन लोकांना एकच सांगेन, पाठवा बटण दाबण्याआधी समोरच्याला काय दिसणार आहे ते त्याच्या डोळ्यांनी उघडून बघा. २०१७ साली वेल्स फार्गो बँकेच्या बाहेरच्या वकिलाकडून श्रीमंत ग्राहकांची १.४ जीबी माहिती समोरच्यांना गेली, का तर सॉफ्टवेअरमध्ये जेवढं दिसतंय तेवढंच सगळं आहे असं वाटलं. स्क्रीनवर एक तुकडाच दिसत होता. आणि काळा चौकोन काढला म्हणजे खालचं गेलं असं समजणारे तर पैशाला पासरी, २०१९ मध्ये ट्रम्पचा माजी प्रचारप्रमुख मॅनाफोर्ट याच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदावर काळ्या पट्टीवरून कॉपी-पेस्ट केलं की खालचा मजकूर हजर. पत्रकारांची दिवाळी.

पागोळी

मुंजीचा फोटो पाहिजेच! आणि +१००. मी तर प्रत्येक प्रॉडक्शन आधी माझ्या साध्या, कुठलंही टूल नसलेल्या घरच्या लॅपटॉपवर डमी डेटाने उघडून बघते. खरा डेटा नाही हं, नाहीतर कंपलायन्सवाले इथेही येतील.

शेवगा

ताई मी नागपूरला एलएलबी थर्ड इयरला आहे. इंग्रजी बरं आहे, कोडिंग येत नाही. या फील्डमध्ये यायचं तर नेमकं काय करू? आणि एलएलएमसाठी कर्ज काढणं वर्थ आहे का?

पागोळी

कोडिंग नको. एक्सेल यायला हवं मात्र, मनापासून. तारखा, टाइम झोन, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) म्हणजे काय, ईमेलच्या आत अटॅचमेंट कशी बसलेली असते, एकाच ईमेलच्या वीस प्रती कशा ओळखायच्या, हे समजून घे. टाइम झोनवरून मी एकदा दोन दिवस वाया घालवलेत, भारतातला १ एप्रिलचा ईमेल अमेरिकेच्या वेळेत ३१ मार्चचा दिसत होता आणि आर्थिक वर्षाचा सगळा प्रश्न त्या एका तारखेवर होता.

भारतातच मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, नोएडाला हे काम आहे, आधी ते करून बघ. रिव्ह्यूमध्ये वर्ष-दीड वर्ष, पण तिथून क्वालिटी चेक किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे सरक. आणि कर्जाचं म्हणशील तर नुसतं ई-डिस्कव्हरीसाठी एलएलएमचं कर्ज काढू नकोस, माझ्या बॅचमधल्या सगळ्यांना इथे नोकरी लागली नाही, व्हिसाची लॉटरी वेगळीच. माझ्याकडे नवऱ्याचा पगार होता म्हणून ते काँट्रॅक्टचं वर्ष निघालं, हे लोक सांगत नाहीत.

आणि तुकतुकीसाहेबांचं ऐक, वर्षभर तरी कोर्टात जा. समोरचा वकील कशावर बोट ठेवेल हे मला शिवाजीनगरच्या त्या वर्षात कळलं, तीन हजारांत.

तुकतुकी

वा. आता मात्र चहा माझ्याकडून.

सनदवाला

नमस्कार. मी जालन्याला प्रॅक्टिस करतो. तुमचं ते मोठ्या कंपन्यांचं जग, आमचं व्हॉट्सॲपचं. पण एक शंका विचारतो. आमच्या जालन्याच्याच इलेक्शन पिटिशनवरून सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आला, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट लागतंच म्हणून. आता त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची आणि सर्टिफिकेटचे दोन भाग, एक पक्षकाराचा एक तज्ज्ञाचा. माझा दावा उसनवारीचा आहे, ४ लाख. समोरच्याने 'पैसे मिळाले' असं व्हॉट्सॲपवर लिहिलंय, आता नाकारतोय. अशिलाने स्क्रीनशॉट आणून दिलेत. हॅश कशाची काढू, स्क्रीनशॉटची?

पागोळी

सनदवाले वकीलसाहेब, जालन्याची ती केस मी इथल्या सहकाऱ्यांना दरवेळी सांगते, अर्ज तीनच्या आत आला की नंतर, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातला व्हिडिओ, आणि सर्टिफिकेट मागून मागून कोणी देईना!

तुमच्या प्रश्नाचं: भारतातली प्रॅक्टिस तुमची, मी फक्त पुराव्याच्या बाजूने सांगते. स्क्रीनशॉटची हॅश काढून एवढंच सिद्ध होतं की हा स्क्रीनशॉट बदललेला नाही. मेसेज खरा होता का ते नाही. मूळ आहे तो फोन. आणि त्याच निकालात आहे ना, मूळ उपकरणच मालकाने स्वतः साक्षीत हजर केलं तर सर्टिफिकेटचा प्रश्न येत नाही. म्हणून आधी फोन जपा. त्या चॅटमध्ये आपोआप गायब होणारे मेसेज चालू आहेत का बघा. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, नुसता तो एक मेसेज नको, मागचं-पुढचं सगळं, त्या फाइलची हॅश काढा, कोणी कधी कुठल्या फोनवरून काढली ते त्याच दिवशी लिहून तारीख टाका. आणि फोन बदलायचा नाही, रिसेट करायचा नाही, ॲप काढून परत टाकायचं नाही हे अशिलाला लेखी द्या.

फोन आत्ता आहे कुठे?

सनदवाला

चौकशी केली. अशिलाने दिवाळीला नवीन घेतला. जुना मुलाकडे आहे, आठवीतला. तो त्यावर गेम खेळतो. स्टोरेज भरलं म्हणून काल काही काही डिलीट केलंय म्हणे.

पागोळी

काय काय डिलीट केलं??

अहो आधी तो फोन काढून घ्या त्याच्याकडून. आत्ता. उद्या नाही.

सनदवाला

अशिलाच्या घरीच आलोय. घेतला. व्हॉट्सॲप शाबूत आहे, त्याने गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ उडवलेत. फोन बंद करून पाकिटात घातला, पाकिटावर तारीख-वेळ आणि दोघांच्या सह्या. पोरगं रडतंय.